अँड ग्रुप

आमच्या ग्रुपचं नाव बदललंय हे मला फ्लेक्स बघून कळलं. बडोद्याच्या दांडिया बाजारात एका लग्नाच्या संगीतचा प्रोग्रॅम होता, मी स्कूटरवर पायाशी कीबोर्ड उभा धरून घामाघूम होत पोचलो आणि गेटवर बघतो तर आमच्या गायकाचा फोटो, डोळे मिटलेले, हातात माइक, खाली त्याचं नाव हे एवढं मोठ्ठं, आणि त्याच्या खाली, फ्लेक्सवाले कोपऱ्यात स्वतःचा मोबाइल नंबर टाकतात ना साधारण तेवढ्याच अक्षरांत, 'अँड ग्रुप'. अँड ग्रुप म्हणजे मी. म्हणजे मी, ढोलकीवाले काका, ऑक्टोपॅडवाला, गिटारवाला आणि कोरसच्या दोघीजणी. सहा माणसं, दोन शब्दांत.

अकरा वर्षं आमचं नाव 'सूरसागर' होतं. ते काही फार डोकं चालवून ठेवलेलं नव्हतं, पहिली प्रॅक्टिस ज्या खोलीत झाली तिच्या खिडकीतून सूरसागर तलाव दिसायचा, आणि नावात सूर आहे म्हटल्यावर बडोद्यात याहून स्वस्तात काय मिळणार. गणपतीत दोन-तीन मंडळं, एखादं डोहाळजेवण, कोणाची तरी साठी, बाकी लग्नाचा सीझन, एवढाच आमचा पसारा. पण सूरसागर म्हटलं की दांडिया बाजार-रावपुऱ्यातली मराठी घरं ओळखायची. निदान मला तरी तसं वाटायचं.

प्रोग्रॅम संपेपर्यंत कोणी काही बोललं नाही. मग रात्री एक वाजता व्हॉट्सअॅपवर काकांनी फक्त त्या फ्लेक्सचा फोटो टाकला, खाली काही न लिहिता, आणि जे काय सुरू झालं ते पहाटे तीनपर्यंत. गायकाचं म्हणणं साधं होतं, फोन मला येतात, पार्टी पहिला प्रश्न काय विचारते, 'गाय छे कोण?' आणि हे खरंय हो. कीबोर्डवर कोण आहे असं आजवर एकाही यजमानाने विचारलेलं नाही. माझ्या सासऱ्यांनीही नाही. इतकी वर्षं ते मला 'अजून ते पेटीचं चालू आहे का' असं विचारतात.

आणि बडोद्यात राहून गायकाच्या नावाची किंमत कळत नाही असं म्हणणं म्हणजे सोंगच. नवरात्र आली की आमच्या ऑफिसात 'युनायटेड वेचे पास मिळाले का' आणि 'अतुल पुरोहितांच्या गरब्याला कधी जायचं' हे दोन्ही एकाच अर्थाने विचारतात, युनायटेड वे ही गरबा भरवणारी संस्था आणि पुरोहित तिथले गायक, पण मैदान, संस्था, माणूस सगळं एकच. हजारो माणसं एका गळ्यावर गोल फिरतात आणि त्या गळ्यामागे ढोल कोण वाजवतंय हे फिरणाऱ्याला माहीत नसतं, मलाही नसतं, आणि मी तर स्वतःला या लाइनीतला समजतो. त्यामुळे तक्रार करताना तोंड जरा सांभाळूनच उघडलं मी.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काका आणि मी शेवउसळीच्या लारीवर उभे होतो. काका म्हणाले, हे बघ, याचं नाव काय? म्हटलं शेवउसळ. म्हणाले, आता यात शेव किती आणि उसळ किती? वाटाणा भिजवतात, शिजवतात, तरी वेगळी काढतात, पातीचा कांदा चिरतात, आणि वरून मूठभर शेव टाकली की नावात पहिली शेव. मी म्हटलं काका, पण शेव नसती तर तुम्ही इथे आला असता का, नुसती वाटाण्याची उसळ घरी मिळते ती तुम्ही ताटात सोडता. काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग पाव बुडवून म्हणाले, तरी नुसतं 'शेव अँड ग्रुप' तर म्हणत नाहीत ना.

हे मात्र माझ्या डोक्यात बसलं.

म्हणजे भांडण गायकाचं नाव लावण्याचं नाहीच मुळी, भांडण त्या 'अँड'च्या पुढे काय येतं याचं आहे. माझा मुलगा इंग्रजी गाणी ऐकतो, त्याच्यामुळे मलाही थोडं थोडं कळायला लागलंय. बॉब मार्ली अँड द वेलर्स. पुढे मार्ली असेना का, मागे वेलर्स आहेत, त्यांना त्यांचं नाव आहे. आता यातही मेख अशी की आधी ते नुसते वेलर्स होते, मार्ली, पीटर टॉश आणि बनी वेलर, तिघं बरोबरीचे, मग ते दोघे बाहेर पडले आणि १९७४ पासून मार्लीचं नाव पुढे जाऊन बसलं. सुप्रीम्सचंही तेच. तीन मुलींचा ग्रुप, १९६७ मध्ये एकदम डायना रॉस अँड द सुप्रीम्स झाला, त्याच वर्षी फ्लॉरेन्स बॅलर्ड ग्रुपमधून गेली, जिने खरं तर हा ग्रुप सुरू करण्यात पुढाकार घेतला होता. म्हणजे नावात कोणी पुढे सरकलं की कोणाला तरी खुर्ची सोडावी लागलेली असते. पण गंमत बघा, १९७० मध्ये डायना सोडून गेली आणि सुप्रीम्स पुढे चालू राहिल्या, कारण 'अँड'च्या मागे स्वतःचं नाव शाबूत होतं. 'अँड ग्रुप'मधून गायक गेला तर उरतं काय? अँड.

बरं नाव कोणाचंच नसलं तरी लोक गायकाला चिकटवतातच. ब्लाँडी नावाचा बँड आहे, लोकांना वाटायचं की ती सोनेरी केसांची गाणारी बाईच ब्लाँडी, शेवटी त्यांना 'ब्लाँडी हा ग्रुप आहे' असे बिल्ले काढावे लागले. जेथ्रो टलचं तर विचारूच नका. बासरी वाजवत एका पायावर उभा राहून गाणारा माणूस तो इयन अँडरसन, आणि जेथ्रो टल कोण, तर अठराव्या शतकातला इंग्लंडमधला शेतीवाला, पेरणीयंत्रवाला! म्हणजे आपल्याकडे कोणी ऑर्केस्ट्राला पाभरीच्या माणसाचं नाव द्यावं तसं. मला हे फार आवडलं. मेलेल्या शेतकऱ्याशी कोण भांडणार.

पण माझा लाडका किस्सा फ्लीटवुड मॅकचा. पीटर ग्रीन हा त्यांचा गिटारवाला, गाणाराही तोच, सगळं वलय त्याचं, आणि त्याने १९६७ मध्ये नाव ठेवलं ते ड्रमवाल्या मिक फ्लीटवुडचं आणि बेसवाल्या जॉन मॅकव्हीचं. स्वतःचं नावच नाही. आणि तीन वर्षांनी तो गेला, नंतर किती गाणारे आले नि गेले, जगाला वेड लावलेल्या बायकाही आल्या त्यांच्यात, पण नाव अजून ड्रम आणि बेसचंच. हे मी काकांना सांगितलं तर त्यांनी तीनदा विचारलं, ड्रमवाल्याचं? नक्की?

आता बाहेरचं कशाला, आपल्याकडे हे सगळं शंभर वर्षांपूर्वी होऊन गेलंय. १९१३ साली किर्लोस्कर मंडळी सोडून तिघांनी नवी नाटक कंपनी काढली, बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे. तिघंही मालक. नाव काय, तर गंधर्व नाटक मंडळी. बोडसांसारखा नट आणि टेंब्यांसारखा पेटीवाला, ज्यांनी त्याच्या दोनच वर्षं आधी 'मानापमान'ला चाली दिल्या होत्या, पण कंपनीला नाव गाणाऱ्याचं. कंपनी आमच्या बडोद्याच्या सयाजीरावांच्या आश्रयाखाली होती. मी कधी कधी विचार करतो, पाटी रंगवून आली तेव्हा टेंबे पेटीवरची धूळ पुसता पुसता काय म्हणाले असतील मनात. काही म्हणालेही नसतील. ते काही वर्षांतच बाहेर पडले, पुढे स्वतःची कंपनी काढली आणि तिचं नाव ठेवलं 'शिवराज'. स्वतःच्या कंपनीलाही स्वतःचं नाव नाही! पेटीवाला तो पेटीवालाच.

आणि तिकडे केशवराव भोसले. काय गळा असेल त्या माणसाचा, पण कंपनीचं नाव 'ललितकलादर्श'. १९२१ च्या जुलैमध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी दोन्ही कंपन्यांनी मिळून 'संयुक्त मानापमान' केलं, बालगंधर्व भामिनी आणि केशवराव धैर्यधर, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात केशवराव गेले. पण ललितकलादर्श नाही गेली. बापूराव पेंढारकरांनी चालवली, मग भालचंद्र पेंढारकरांनी चालवली. गंधर्व मंडळी गंधर्वांशिवाय कोण चालवणार होतं? आता यावर कोणी म्हणेल की नाव तर आजही बालगंधर्वांचंच जास्त घेतलं जातं. घेतलं जातं. मीही आधी तेच घेतलं.

शाहिरांकडे आणि कव्वालांकडे मात्र बिनदिक्कत 'आणि पार्टी'. शाहीर साबळे आणि पार्टी. नुसरत फतेह अली खान अँड पार्टी. तिथे मला ते खटकत नाही, का कोण जाणे. तिथे एक माणूस गादीवर बसतो आणि मागचे त्याचे असतात, भाऊ, पुतणे, शागीर्द. आमचा गायक माझा शागीर्द नाही आणि मी त्याचा नाही, आम्ही पेट्रोलचे पैसे सात भागांत वाटून घेतो.

असो. तर शेवटी काय झालं, तर आम्ही मान्य केलं. काकासुद्धा. मी एवढंच म्हटलं की 'अँड ग्रुप'च्या ऐवजी 'अँड सूरसागर' लिही, तो म्हणाला हो हो नक्की, आणि नवीन कार्डं छापून आली त्यावर 'अँड ग्रुप'च होतं, प्रेसवाल्याकडे जुनी फाइल होती म्हणे. वर त्याने स्वखर्चाने मंगळ बाजारातून काळी मखमल आणून माझ्या कीबोर्ड स्टँडला लावायचा पडदा शिवून घेतला, त्यावर सोनेरी दोऱ्याने कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरीत स्वतःचं नाव. कापड भारी होतं, खोटं कशाला बोलू. स्टँडचे गंजलेले पाय झाकले गेले पहिल्यांदा.

चार महिन्यांनी त्याचा कॅनडाचा पीआर आला.

बडोद्यात हे घरटी एक आहे, त्यामुळे राग कोणावर धरायचा. स्टेशनवर सोडायला सगळे गेलो, काकांनी त्याला लीलो चेवडोची दोन पाकिटं दिली आणि पाठीवर हात फिरवला. आता सोसायटीतली एक मुलगी गाते, एमेस युनिव्हर्सिटीत शिकते, गळा चांगला आहे, तालात थोडी घाई करते पण काका तिला सांभाळून घेतात, आणि ग्रुप पुन्हा सूरसागर. फक्त फोन अजून त्याच्याच नावाने येतात, 'पेला भाई नथी?', म्हणजे ते भाऊ नाहीत का. तिला आम्ही सांगत नाही.

पडद्याचं काय करायचं हा प्रश्न होता. एवढी मखमल टाकवेना. एम्ब्रॉयडरी उसवून बघितली एका अक्षराची तर भोकं पडली, म्हणून मग उलटा करून लावला. समोरून आता काळ्यावर नुसत्या सोनेरी गाठी आणि दोऱ्यांचा गुंता दिसतो, लोकांना डिझाइन वाटतं, गेल्या महिन्यात एका बाईंनी कुठून घेतलं म्हणून विचारलंसुद्धा. सुलट बाजू माझ्याकडे असते. दोन गाण्यांच्या मधे खाली बघितलं की गुडघ्यांपाशी त्याचं नाव, एक अक्षर भोकं पडलेलं.