पाऊचवरचे ९१० ग्रॅम

रविवारी सकाळी भाची आली होती, इथे इंदूरलाच बी.फार्म. फर्स्ट इयरला आहे ती, आणि ताटलीतले पोहे संपायच्या आतच वही काढून म्हणाली, मावशी, हे स्पेसिफिक ग्रॅव्हिटीचं काही डोक्यात शिरत नाहीये आणि परवा सेशनल, म्हणजे कॉलेजची अंतर्गत परीक्षा आहे.

वही बघितली. फॉर्म्युले सगळे बरोबर, अगदी चौकट करून लिहिलेले. पण खाली गणित होतं, एक लिटर सिरपमध्ये ८५० ग्रॅम साखर आहे, सिरपची स्पेसिफिक ग्रॅव्हिटी १.३१३, तर पाणी किती एमएल लागेल, आणि तिने उत्तर लिहिलं होतं १५०. हजारातून ८५० वजा. मी डिप्लोमाच्या मुलांना बरीच वर्षं शिकवलंय, हे १५० मी किती पेपरांत बघितलं असेल त्याला गणती नाही, आणि दर वेळी जीव हळहळतो कारण मुलं हुशार असतात, फक्त एमएलमधून ग्रॅम वजा करतोय हे त्यांच्या लक्षातच येत नाही.

तर मी वही मिटली आणि तिला स्वयंपाकघरात नेलं. सोयाबीन तेलाचं पाऊच होतं ओट्यावर, त्यावर छापलेलं, १ लिटर, आणि बाजूला ९१० ग्रॅम. म्हटलं बाकीचे नव्वद ग्रॅम कुठे गेले सांग. सासूबाई तिथेच भाजी निवडत होत्या, त्या म्हणाल्या, मला तर वाटायचं तेवढं कमीच भरतात मेले. भाचीने पाऊच हातात घेऊन दोन-तीनदा वाचलं आणि मग हळूच म्हणाली, तेल पाण्यापेक्षा हलकं असतं ना, म्हणून लिटरभर तेल किलोभर होत नाही. झालं! एवढंच आहे ते सगळं. एक एमएल तेल म्हणजे ०.९१ ग्रॅम, ही डेन्सिटी, आणि तेवढ्याच पाण्याच्या मानाने ते किती जड किंवा हलकं, ही स्पेसिफिक ग्रॅव्हिटी. पहिलीला ग्रॅम पर एमएल लागतं, दुसरीला युनिट नाही कारण ग्रॅमला ग्रॅमने भागलं की उरतो नुसता आकडा.

मराठीत आपण याला विशिष्ट गुरुत्व म्हणतो आणि मुलं उगाच गुरुत्वाकर्षण शोधत बसतात. भाचीची शाळा हिंदी, तिच्या पुस्तकात आपेक्षिक घनत्व होतं, मला तो शब्द जास्त आवडतो, कशाची तरी कशाशी तुलना आहे हे त्यात दिसतं.

आता टेंपरेचर. पाणी ४ अंशाला एक एमएलला एक ग्रॅम भरतं, २५ अंशाला ०.९९७, म्हणून प्रॅक्टिकलच्या वहीत टेंपरेचर न लिहिता डेन्सिटी लिहिली तर ती अर्धीच गोष्ट आहे. हे तेलवाल्यांनाही लागू आहे, २०२२ मध्ये केंद्र सरकारने कंपन्यांना सांगितलं होतं की पाऊचवर टेंपरेचर लिहून लिटर दाखवू नका, कारण तेच एक लिटर सोयाबीन तेल २१ अंशाला ९१९ ग्रॅम भरतं आणि ६० अंशाला ८९२.६, म्हणजे टेंपरेचर जास्त लिहिलं की त्याच एका लिटरमध्ये तेल कमी.

मग वही परत उघडली. एक लिटर सिरपचं वजन आधी काढ म्हटलं. लिटरभर पाणी हजार ग्रॅम, सिरप त्याच्या १.३१३ पट जड, म्हणजे १३१३ ग्रॅम. त्यातून साखर ८५० ग्रॅम काढली तर? ४६३ ग्रॅम, म्हणजे ४६३ एमएल पाणी. कुठे १५० आणि कुठे ४६३, दीडशे एमएलमध्ये एवढी साखर विरघळलीच नसती. तिने तो जुना आकडा स्वतःच खोडला.

माझ्या हातून पहिल्या नोकरीत हीच चूक झालीय म्हणून मी हे इतकं जीव तोडून सांगते. लिक्विड औषधांच्या सेक्शनला होते, फॉर्म्युल्यात ग्लिसरीन १० लिटर होतं आणि ते इतकं चिकट की मापात ओतलं तर मापालाच राहतं, म्हणून मी काट्यावर १० किलो घेतलं. ग्लिसरीन एमएलला साधारण १.२५ ग्रॅम, घ्यायला हवं होतं साडेबारा किलो, अडीच किलो कमी पडलं. टाकीत जायच्या आधी सिनियर ताईंनी शीट बघितली आणि थांबवलं, ओरडल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, लिटर आहे का किलो, आधी ते बघ. तेव्हापासून कुठलाही आकडा बघितला की आधी तेच बघते.

अजून एक, ०.१ नॉर्मल (ही तीव्रता मोजायची पद्धत) एचसीएल, म्हणजे हायड्रोक्लोरिक ॲसिड, एक लिटर करायला ८.५ एमएल कॉन्सन्ट्रेटेड ॲसिड घ्या हे सगळे पाठ करतात, ते ८.५ आले कुठून हे कोणी विचारत नाही. लिटरला ३.६५ ग्रॅम एचसीएल हवं. बाटलीतलं ॲसिड वजनाने ३६.५ टक्के धरलं तर १० ग्रॅम ॲसिड घ्यावं लागेल. स्पेसिफिक ग्रॅव्हिटी १.१८, दहाला १.१८ ने भागा, ८.४७. भाची खुर्चीवरून उठलीच, म्हणाली, अगं, हे तर आमच्या प्रॅक्टिकलमध्ये आहे!

मंगळवारी सेशनल झाली आणि संध्याकाळी तिचा फोन आला. प्रॅक्टिकलमध्ये ग्लिसरीनच मिळालं होतं. डेन्सिटी बॉटल म्हणजे दर वेळी नेमकं तेवढंच द्रव मावणारी छोटी बाटली, ती रिकामी २२.१० ग्रॅम, पाणी भरून ४७.०२, ग्लिसरीन भरून ५३.२५. म्हणजे पाणी २४.९२ ग्रॅम, ग्लिसरीन ३१.१५, भागाकार १.२५. मी विचारलं बॉटल कशी धरलीस, कारण मुठीत धरली की हाताच्या उबेने आतलं पाणी फुगतं आणि बुचाच्या बारीक भोकातून थेंब बाहेर येतो, तो पुसला की वजन कमी भरतं. म्हणाली, मानेला धरली होती मावशी, दोन बोटांनी, आणि टिश्यूने पुसून मगच काट्यावर ठेवली.