तुम्ही विचारलंत म्हणून: तैवानला चीनमध्ये जायचंय का?

सुट्टीत पुण्याला आले की कोणी ना कोणी विचारतंच, "भाषा एक, सणवार एक, मग तुमच्या त्या तैवानच्या लोकांना चीनमध्ये जायला हरकत काय? आणि नसेल जायचं, तर स्वातंत्र्य जाहीर करून मोकळे का होत नाहीत?"

त्यांना 'जैसे थे' हवंय, आणि ते पूर्ण विचारांती हवंय.

तैपेईचं राष्ट्रीय चंगची विद्यापीठ १९९४ पासून लोकांना हे विचारत आलंय. उत्तरासाठी पर्याय सहा. लगेच विलीनीकरण मागणारे शंभरात एक-दोन, लगेच स्वातंत्र्य मागणारेही थोडेच. बाकीचे म्हणतात, आत्ता आहे ते राहू द्या. पुढचं नंतर बघू, कायम असंच असू दे, की हळूहळू स्वातंत्र्याकडे किंवा विलीनीकरणाकडे जाऊ, मतभेद आहेत ते यावर. याला कुंपणावर बसणं म्हटलेलं मला अजिबात पटत नाही. सरकार, सैन्य, चलन, पासपोर्ट सगळं त्यांचं स्वतःचं आहे. राहिलीय ती घोषणा, आणि ती केली तर बळ वापरू असं चीनने २००५ मध्ये कायदाच करून सांगितलंय.

मन कुठे आहे ते हेच विद्यापीठ १९९२ पासून विचारत असलेल्या दुसऱ्या प्रश्नातून कळतं: तुम्ही स्वतःला कोण समजता? १९९२ मध्ये सुमारे पाव लोक 'फक्त चिनी' म्हणाले होते. आता शंभरात तीनही म्हणत नाहीत.

माझ्या शेजारच्या आजी शाळेत तैवानी, म्हणजे घरची भाषा, बोलल्या म्हणून त्यांच्या गळ्यात पाटी अडकवली होती. तेव्हा लष्करी कायदा होता, १९४९ ते १९८७, तब्बल ३८ वर्षं. १९९६ मध्ये राष्ट्राध्यक्षासाठी पहिल्यांदा थेट मतदान झालं, त्याआधी चीनने बेटाजवळच्या समुद्रात क्षेपणास्त्रं डागली. लोकांनी तरीही मत दिलं. पुढे २०१९ मध्ये हाँगकाँगमधली लोकशाहीची आंदोलनं कशी दडपली गेली ते त्यांनी पाहिलं, आणि 'एक देश, दोन व्यवस्था' (चीनचा भाग व्हा, पण कारभार वेगळा ठेवा) या चीनच्या वचनावर उरलासुरला विश्वासही उडाला.

१३ जानेवारी २०२४ ला, राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीच्या दिवशी, आजी मला मतमोजणी दाखवायला घेऊन गेल्या. चार वाजता मतदान संपलं आणि त्याच शाळेच्या वर्गात मोजणी सुरू झाली. कोणीही जाऊन बघावी. एक कर्मचारी प्रत्येक मतपत्रिका दोन्ही हातांनी उंच धरून नाव पुकारतो, दुसरा भिंतीवरच्या कागदावर एक रेघ ओढतो. पाच रेघांचं एक चिनी अक्षर पूर्ण होतं, की पुढचं सुरू. मी आजींना खुर्ची आणून दिली. शेवटची मतपत्रिका मोजली जाईपर्यंत त्या बसल्या नाहीत.