ऑफसेट नाही, प्रेशर

मी भोसरी एमआयडीसीतल्या एका सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनच्या) शॉपमध्ये क्वालिटीला आहे. बाहेरच्या माणसाला आधी एकच गोष्ट सांगावी लागते, ऑपरेटर आणि सेटर यातला फरक. ऑपरेटर पीस लावतो, सायकल चालू करतो, पीस काढून गेज लावतो. सेटर सॉफ्ट जॉ, म्हणजे चकमध्ये पीस पकडणारे मऊ जबडे, बोअर करतो (आतून गोल कापतो), टूल लावतो, ऑफसेट (टूल कमी-जास्त कापेल अशी दुरुस्ती) देतो, पहिला पीस आमच्याकडून पास करून घेतो. पगारात फरक आहेच, पण खरा फरक असा की सुपरवायझर सेटरमधूनच होतात. आमच्याकडे ऑपरेटरमध्ये निम्म्याहून जास्त मुली आणि सेटर सगळे पुरुष.

२०२३ च्या पावसाळ्यातली गोष्ट. एका पातळ भिंतीच्या हाउसिंगचा लॉट कस्टमरने परत पाठवला, बेअरिंग बसत नाही म्हणून. ६२ मिलिमीटरचा बोअर (आतलं गोल भोक), एच सेव्हन, म्हणजे सगळी मिळून ३० मायक्रॉनची टॉलरन्स, तेवढाच फरक चालतो. आम्ही डायल बोअर गेज लावतोय तर प्रत्येक पीस ओके. प्लग गेजची गो बाजू, जी बोअरमध्ये जायलाच हवी, ती मात्र अडकतेय. मग सेटरने बोअर मोठा करायला ऑफसेट दिला, प्लग आत जायला लागला तर डायल वरच्या लिमिटच्या बाहेर. परत ऑफसेट कमी, परत प्लग अडकला. सकाळपासून हेच चाललेलं, प्रॉडक्शन मॅनेजर डोक्यावर उभे, कस्टमरचा दर अर्ध्या तासाला फोन.

त्या मशीनवर जी मुलगी होती (नाव लिहीत नाही, ती अजून याच भागात काम करते) ती मला म्हणाली, "मॅडम, ऑफसेट नाही हो, प्रेशर आहे. पीस तीन कोनी होतोय." मी विचारलं कशावरून, तर तिने मला करूनच दाखवलं. पीस चकमधून काढायच्या आधी तीन जॉ कुठे आहेत तिथे मार्करने खुणा केल्या, मग प्लगला हलका निळा लावून बोअरमध्ये फिरवला. निळा लागला तो तीनच ठिकाणी, आणि बरोब्बर दोन खुणांच्या मधे मधे. म्हणजे जॉने पातळ भिंत आत दाबली, त्या दाबलेल्या अवस्थेत टूलने गोल बोअर केला, जॉ सुटल्यावर भिंत परत बाहेर आली आणि गोलाचा तीन कोनी आकार झाला. आणि दोन टोकांनी मोजणाऱ्या डायलला तो आकार दिसतच नाही, कुठूनही मोजा व्यास जवळपास सारखाच येतो. डिप्लोमा, डिग्री झालेली आम्ही चार माणसं तिथे उभी होतो आणि हे तिने सांगितलं, कारण रोज शेकडो पीस तिच्या हातातून जातात आणि प्लग नेमका कुठे अडकतो ते तिच्या बोटांना माहीत होतं.

मॅनेजर म्हणाले ठीक आहे, सेटर करेल. सेटर दादाच म्हणाला, "तिलाच करू द्या सर, मी उभा आहे." त्या माणसाचे मी आजही आभार मानते. मग तिने चकचं प्रेशर कमी केलं, सॉफ्ट जॉमध्ये रिंग पकडून त्याच प्रेशरला जॉ पीसच्या व्यासाला बोअर केले, पकड तीन टोकांवर न येता जास्तीत जास्त घेरावर येईल असे. फिनिश कट हलका ठेवला. कमी प्रेशरला जड कट घेतला तर पीस उडू शकतो हे तिला कुणी सांगावं लागलं नाही. पहिला पीस मी सीएमएमला (मोजमापाच्या मशीनला) नेला. सकाळचा राउंडनेस, म्हणजे गोलाईतला फरक, ३८ मायक्रॉन होता, हा ९ आला.

इथवरचं सगळ्यांना आवडतं, मी सांगते तेव्हा लोक वा वा म्हणतात. मला त्रास पुढच्याचा होतो.

ती आयटीआय टर्नर आहे, औंधहून. तिच्याबरोबर लागलेली, तेच सर्टिफिकेट असलेली मुलं सेटर झाली होती. तिने त्याच आठवड्यात लेखी मागितलं की मला सेटर करा. मॅनेजर मनापासून म्हणाले, "हिला इन्स्पेक्शनला घ्या, बायकांची नजर बारीक असते, बसून काम, आठ तास उभं राहायला नको." म्हणजे जिने मशीन समजून घेतलं तिला मशीनपासून लांब न्यायचं, आणि वर ते बक्षीस म्हणून. एचआरचं म्हणणं वेगळं, सेटर तिन्ही शिफ्टला फिरतो, एका मुलीसाठी रात्री बस सोडता येत नाही.

मी तेव्हा कायदा वाचून काढला. फॅक्टरीज अ‍ॅक्ट १९४८ चं कलम ६६, बायकांना संध्याकाळी ७ ते सकाळी ६ कारखान्यात काम नाही असं होतं. महाराष्ट्राने २०१५ च्या दुरुस्तीत सुरक्षा, वाहतूक अशा अटींवर रात्रपाळी खुली केली. समान वेतन कायदा १९७६ चा, त्यात १९८७ ला बढती आणि ट्रेनिंगमधल्या भेदभावावरही बंदी आणली, पण त्याच कलमात सूट होती की जिथे कायद्यानेच बायकांच्या कामावर बंधन आहे ते सोडून. आणि आमच्याकडे लॉट बदलतात ते बहुतेक रात्री, त्यामुळे सेटिंग शिकतात तेही रात्रीच. काळजी म्हणून घातलेली अट आणि बसचा खर्च, या दोघांत मुलगी कायमची बटणावर, म्हणजे ऑपरेटरच, राहते.

दर ८ मार्चला आमच्या कँटीनमध्ये सुधा मूर्तींचा किस्सा सांगतात, १९७४ ला टेल्कोच्या (आताची टाटा मोटर्स) जाहिरातीत महिलांनी अर्ज करू नये असं छापलेलं आणि त्यांनी जेआरडी टाटांना पोस्टकार्ड लिहिलं. टेल्को आमच्यापासून हाकेच्या अंतरावर, मला अभिमानच आहे. पण ती अट छापलेली होती, वाचून कुणालातरी जाब विचारता आला. आमच्याकडे मुलगी सेटर होणार नाही असं कुठल्याही कागदावर नाही. पोस्टकार्ड कशाबद्दल लिहायचं?

कस्टमरला एट-डी रिपोर्ट (तक्रारीचं कारण आणि उपाय आठ पायऱ्यांत) पाठवायचा होता. डी-वन म्हणजे टीम, डी-एट म्हणजे टीमचं कौतुक, फॉरमॅटच तसा आहे. मी दोन्हीकडे तिचं नाव घातलं. मॅनेजर म्हणाले, काढा, कस्टमर विचारेल ऑपरेटरला कळलं ते इंजिनिअरला का नाही. मी म्हटलं विचारू दे, नाव काढलं तर माझी सही नाही. नाव राहिलं. कस्टमरने काहीही विचारलं नाही.

दिवाळीनंतर ती चाकणला गेली. तिथे इंटरव्ह्यूत तिच्याकडून जॉ बोअर करून घेतले आणि सेटर म्हणून लेटर दिलं, रात्रीच्या बससकट. आमचे मॅनेजर म्हणाले, "मुलींचं असंच, शिकवलं की सोडून जातात." तिला इथे कुणी काय शिकवलं होतं ते मला आजवर कळलेलं नाही.

शॉपफ्लोअरवर स्किल मॅट्रिक्स लावलेला असतो, प्रत्येकाच्या नावापुढे चार भागांचा गोल, जेवढं येतं तेवढे भाग काळे. मुलींचे सगळे गोल अर्ध्यावर थांबलेले. पुढच्या इंटर्नल ऑडिटला मी त्यावर एनसी (त्रुटीची लेखी नोंद) काढली की आयटीआय टर्नर असलेल्या ऑपरेटर मुली वार्षिक ट्रेनिंग प्लॅनमध्ये सेटिंगला धरलेल्याच नाहीत. एचआरचं उत्तर आलं, पहिल्या शिफ्टला सेटिंग उपलब्ध असेल तेव्हा ट्रेनिंग देण्यात येईल. मी खाली लिहिलं, तारीख आणि मशीन नंबर द्या, आणि एनसी परत पाठवली. ती अजून ओपन आहे, मॅनेजर महिन्याला एकदा क्लोज करा म्हणून सांगतात.