कार्ड खरं होतं, माणूस दुसराच

मी दारू-सिगारेटच्या काउंटरवर काम करतो. लोकांना वाटतं खोटा आयडी म्हणजे घरी प्रिंट मारलेलं कार्ड. ते पकडणं सोपं असतं हो, हातात घेतलं की कडा सुटलेल्या लागतात, फोटोपाशी जाडसर लागतं, तिरपं धरलं तरी होलोग्राम चमकत नाही. खरा ताप होतो तो अस्सल कार्डाचा, मोठ्या भावाचं नाहीतर मित्राचं आणलेलं.

त्या दिवशी रांग पार दारापर्यंत गेलेली. एका पोराने व्होडकाची बाटली ठेवली आणि मी मागायच्या आधीच कार्ड दाखवलं, तेही पाकिटातच, फोटोवर अर्धा अंगठा. म्हटलं बाहेर काढून द्या. कार्ड एकदम ओरिजिनल, मुदतही शिल्लक, चेहराही बऱ्यापैकी जुळत होता. पण मी केस, दाढी, चष्मा यावर जातच नाही, ते कधीही बदलतं, मी कान बघतो. फोटोत कानाची पाळी गालाला चिकटलेली आणि याची चांगली सुटी.

जन्मतारीख विचारली, घडाघडा सांगितली. ती सगळेच पाठ करून येतात. मग विचारलं, वय किती पूर्ण झालं? तर हा गप्प, मनातल्या मनात वजाबाकी चाललेली.

मागून एकजण ओरडला, द्या ना राव, कशाला अडवताय. नवीन माणूस इथेच ढिला पडतो. मी त्याला खोटारडा वगैरे काही म्हटलं नाही, चारचौघांत असं बोललं की भांडण पेटतं. एवढंच म्हटलं, माझी खात्री पटत नाहीये, मी देऊ शकत नाही. कार्ड परत केलं कारण आम्हाला जप्त करायची परवानगी नाही, आणि बाटली आत ओढून घेतली.

थोड्या वेळाने चांगला पस्तिशीचा माणूस आला, तोच ब्रँड, तीच साईझ. काचेतून मी त्याला त्या पोराशी बोलताना बघितलं होतं. त्यालाही नाही म्हटलं. जाम भडकला, माझं वय दिसत नाही का! म्हटलं तुमच्या वयाचा प्रश्नच नाही, बाटली कोणासाठी चाललीय त्याचा आहे. मॅनेजर आले, मला एवढंच विचारलं, शंका आहे ना? हो म्हटल्यावर त्यांनी स्वतः त्याला नकार दिला, आणि खरं सांगतो, असा माणूस पाठीशी नसेल तर हे काम करणं अवघड आहे. रजिस्टरात दोन्ही नोंदी केल्या, वेळ, माल, कपडे, आणि पुढच्या शिफ्टला दोघांचं वर्णन सांगून ठेवलं, कारण काउंटरवरचा माणूस बदलला की असे लोक परत येतात.