माशिकोच्या जत्रेत हाशिओकी

तोक्योच्या उत्तरेला तोचिगी प्रांतात माशिको हे कुंभारांचं गाव आहे. तिथे वर्षातून दोनदा, वसंतात आणि शरदात, मातीच्या भांड्यांची जत्रा भरते. आम्ही वसंतातल्या जत्रेला गेलो, म्हणजे ऐन गोल्डन वीकच्या, एप्रिलअखेर ते मेच्या सुरुवातीच्या सुट्टीत. ओयामापर्यंत शिंकान्सेन, मग शिमोदाते, तिथून मोओका रेल्वेची छोटी डिझेलगाडी. शेवटच्या टप्प्यात मी आणि ताई दाराला चिकटून उभ्या होतो. शक्य असेल तर शरदात जा.

जोनाइझाका रस्त्याच्या दुतर्फा दुकानं आणि तंबू. माणसं मोठ्या ताटल्यांवर तुटून पडली होती, आणि टेबलाच्या कडेला ट्रेमध्ये मांडलेल्या हाशिओकींकडे कुणी ढुंकूनही बघत नव्हतं. हाशिओकी म्हणजे जेवताना चॉपस्टिक्स टेकवायचा चिमुकला आधार. मला त्या गर्दीचा मनापासून राग आला. वाडग्यावर काड्या आडव्या ठेवणं असभ्य मानणाऱ्या देशात तरी या वस्तूला मान हवा!

एका तंबूत साठीच्या बाई बसल्या होत्या. वाटाण्याची शेंग, वांगं, पंखा, गाठ मारलेली दोरी, सगळं बोटाच्या दोन पेरांएवढं. मी एक हाशिओकी उचलल्यावर बाईंनी खालून चॉपस्टिक्सचा जोड काढून माझ्यापुढे ठेवला. ठेवून बघा, म्हणाल्या. ताई जपानीतून मराठीत सांगत होती. काड्या टेबलाच्या कडेला समांतर, टोकं डावीकडे. तोंडात जाणारी टोकं आधाराच्या पुढे, हवेत राहायला हवीत. आधार ठेंगणा झाला तर ती टेबलाला लागतात, खाच उथळ झाली तर काड्या घरंगळतात. एवढ्याशा वस्तूत एवढं बघावं लागतं.

मग त्यांनी ओल्या फडक्यातला मातीचा गोळा उघडला. चिमूट तोडली, वळली आणि मधोमध अंगठा दाबला. झाली खाच! माशिकोची माती रवाळ, त्यामुळे कडा जाडच राहतात. ट्रेमधली एक उलटी करून दाखवली: वर तिथली प्रसिद्ध तांबूस-तपकिरी झिलई, खाली उघडी माती. तळाची झिलई पुसली नाही तर ती भट्टीत वितळून फळीला चिकटते. म्हणजे प्रत्येक हाशिओकीचा तळ बाई हाताने पुसतात. त्या खाचेत मी माझा अंगठा ठेवला. नेमका बसला.

दुपारी प्रसिद्ध कुंभार हामादा शोजी यांचं घर पाहिलं, आता तिथे संग्रहालय आहे. गवताने शाकारलेली छपरं, उतारावर चढत जाणारी भट्टी. १९२४ मध्ये ते या गावात आले आणि इथल्याच मातीत रोजच्या वापराची भांडी करत राहिले. १९५५ मध्ये त्यांना ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ हा बहुमान मिळाला. छान होतं, पण माझं मन त्या तंबूतच होतं, म्हणून परतताना पुन्हा तिथे गेलो.

ताईच्या घरी माणसं चार, पण जपानी भांड्यांचा संच पाचाचा, म्हणून पाच घेतल्या. बाईंनी एकेक वर्तमानपत्रात वेगळी गुंडाळली, मागे रांग लागली तरी घाई केली नाही. पाचवी पाहुण्याची, असं आम्ही गाडीतच ठरवलं. घरी पिठलं-भात असला तरी त्या टेबलावर मांडायच्या, चमचा टेकवायला वापरायच्या, पण शोकेसमध्ये काचेमागे ठेवायच्या नाहीत, असं मी ताईला बजावून आले आहे.