मट्टांचेरीत तुम्हाला परके वाटत नाही का?

पुण्या-मुंबईचे नातेवाईक आमच्याकडे कोचीच्या मट्टांचेरी या जुन्या भागात आले की दुसऱ्या दिवशी हा प्रश्न हमखास विचारतात. इतक्या भाषांच्या आणि धर्मांच्या वस्तीत तुम्हाला परके वाटत नाही का? विचारणाऱ्याला बहुधा ‘नाही’ हेच उत्तर हवे असते, कारण जिथे सगळेच बाहेरून आले, तिथे परके कोण उरणार, असा त्यामागचा हिशेब असतो. तुम्ही विचारलेत म्हणून सांगते, की वाटते; आणि तो हिशेब मट्टांचेरीत जुळत नाही.

सगळे बाहेरून आले, हे मात्र खरे आहे. पोर्तुगिजांच्या काळात गोवा सोडलेले कोकणी गौड सारस्वत चेर्लाईत तिरुमला देवस्थानाभोवती राहतात. मिरी-आल्याच्या व्यापारासाठी आलेले गुजराती आणि जैन ‘गुजराती रोड’ या रस्त्यावर. कच्छी मेमन आपल्या मशिदीच्या आसपास. आणि जवळच फोर्ट कोचीत धोबीखान्यावर तमिळ वण्णार कुटुंबे. ज्यू टाऊनमधले ‘परदेशी’ नावाचे सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनागृह, 1568 सालचे आहे, जरी त्यात प्रार्थना करणारी बहुतेक कुटुंबे इस्रायल स्थापन झाल्यानंतर तिकडे गेली. घरात आपली भाषा आणि रस्त्यावर मल्याळम, हा येथला सर्वमान्य रिवाज आहे.

पण ही माणसे एकेकटी आलेली नाहीत. प्रत्येक समाजाबरोबर त्याचे देऊळ किंवा मशीद, धर्मशाळा, शाळा, स्मशान किंवा दफनभूमी आणि भांडण मिटवणारे चार वडीलधारे आले, आणि येथे माणसाची ओळख ठरते ती या अंगणावरून. घर भाड्याने शोधताना आम्हाला दलालाने पगार विचारला नाही, समाज विचारला. नवऱ्याच्या नोकरीमुळे आलेले, कोणत्याही अंगणात न बसणारे एक मराठी कुटुंब ही त्याच्या दृष्टीने फार अडचणीची वस्तू होती. पुढे शेजार उत्तम मिळाला, ताटे इकडून तिकडे गेली. तरीही दोन देवळांच्या उत्सवांत आम्ही पाहुणेच असतो, आणि पाहुण्याला कामे कोणी सांगत नाही.

आमच्या पाहुण्यांना सर्वांत जास्त भुरळ पडते ती कोकणीची. अर्धे वाक्य समजले की ते हरखून म्हणतात, ‘अहो, ही तर आपलीच भाषा!’ समोरचे गृहस्थ हसतात आणि विषय बदलतात. त्यांना दोष देता येत नाही. 1675 साली रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या कोचीच्या तीन वैद्यांनी डच गव्हर्नर व्हान ऱ्हीडच्या मलबारच्या वनस्पतींवरील ग्रंथासाठी नागरी लिपीत कोकणीतून साक्षपत्र लिहून दिले, आणि कोकणीच्या स्वतंत्र मान्यतेसाठी 1966 मध्ये कोकणी भाषा प्रचार सभा स्थापन झाली तीही या कोचीतच. ज्यांनी भाषेचे वेगळेपण परमुलखात शतकानुशतके जपले, त्यांना पहिल्याच भेटीत आपल्या घरात ओढून घेणे हा जवळिकीचा नव्हे, मालकीचा सूर आहे. मी त्यांच्याशी मल्याळममध्ये बोलते. ती मोडकी आहे, पण निदान ती आम्हा दोघांचीही घरची भाषा नाही.

जुने झाल्याने परकेपणा संपतो, असेही हा गाव सांगत नाही. कोचीच्या राजांनी कोकण्यांना आश्रय दिला, पण 1791 मध्ये त्याच गादीवरच्या शक्तन तंपुरानने कोकणी व्यापाऱ्यांवर हल्ला केला, आणि तिरुमला देवस्थानातली देवाची मूर्ती कोचीच्या राज्याबाहेर आलेप्पीला न्यावी लागली. ती परत यायला अर्ध्या शतकाहून अधिक काळ गेला. अंगणाच्या आतही उंबरे असतात. परदेशी सिनेगॉगमध्ये, मुक्त केलेल्या गुलामांचे वंशज मानले गेलेल्या ज्यूंना इतरांच्या बरोबरीने बसता येत नसे. त्यांच्यातलेच वकील अब्राहम बराक सालेम यांनी गांधीजींच्या मार्गाने त्याविरुद्ध सत्याग्रह केला आणि अखेर तो भेद मोडीत निघाला. आज त्यांच्या नावाचा रस्ता मट्टांचेरीत आहे, आणि ज्यू टाऊनचे फोटो काढायला येणाऱ्या पर्यटकांपैकी किती जणांना तो माहीत असतो, याची मला शंका आहे.

म्हणून मला विचाराल तर मी विविधतेचे कौतुक थोडे जपून करते. येथे सहिष्णुता आहे, पण ती शेजारी-शेजारी असलेल्या कुंपणांची आहे, आणि तिचा लाभ घ्यायला तुमचे स्वतःचे कुंपण असावे लागते. आमच्यासारख्यांचे त्यावाचून फारसे अडत नाही, कारण हातात पगार आहे आणि परतीच्या गाडीचे भाडे आहे. बंगाल-आसामहून कोचीत बांधकामावर आलेल्या मजुरांचे मात्र अडते. केरळात त्यांना सरकारी कागदांवरही ‘अतिथी तोळिलाळी’, म्हणजे पाहुणे कामगार म्हणतात. ते पाच-सहा जण मिळून एक खोली घेतात, आणि त्यांच्यातला कोणी आजारी पडला की कोणत्या समाजाच्या दारात जायचे, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.