प्रागच्या घड्याळात मिथुन, काकांच्या पंचांगात वृषभ

टूर मॅनेजर म्हणून पासपोर्ट हरवणं, बॅग हॉटेलातच राहणं सगळं बघून झालंय, पण हेडकाउंटला एक माणूस कमी भरला की अजूनही पोटात गोळा येतो. मे महिन्याचा शेवटचा आठवडा, प्राग, ग्रुप 41 जणांचा. अकराच्या ठोक्याला ओल्ड टाऊनचं ते खगोलीय घड्याळ दाखवलं. 1410 सालचं आहे आणि अजून चालतंय बरं का! तास झाला की मृत्यूचा सांगाडा घंटेची दोरी ओढतो, वरच्या खिडक्यांतून 12 अपोस्टल, म्हणजे येशूचे शिष्य, एकेक करून डोकावून जातात आणि खालचे बाकीचे तिघे पुतळे मुंड्या हलवत राहतात, म्हणजे आम्हाला नको रे नेऊ इतक्यात. शेवटी कोंबडा आरवतो, तोही घसा बसल्यासारखा, आणि संपलं, मिनिटभराचा खेळ. निम्मा ग्रुप "एवढंच?"

तिथून बोळाबोळातून चार्ल्स ब्रिजवर आलो, मोजले तर 40. सांगलीचे काका नाहीत! फोन लावला तर तो काकूंच्या पर्समध्ये वाजतोय. काकू शांत, "असतील घड्याळापाशीच, घरी पण जेवायला चार हाका माराव्या लागतात." पण मी कुठली ऐकतेय, आधी पुलावरच शोधत सुटले, 30 पुतळे आहेत तिथे आणि प्रत्येकापाशी फोटोवाले. नेपोमुक या संताच्या पुतळ्याखाली तर लाईनच, 1393 मध्ये राजाच्या हुकमाने त्याला इथूनच नदीत फेकलं होतं, आता लोक नवस केल्यासारखे पुतळ्याखालची ब्राँझची पट्टी घासतात, पार चकचकीत झालीय. मी पण घासली, खोटं कशाला बोलू.

मग ग्रुप लोकल गाईडच्या गळ्यात टाकून त्या दगडी फरशांवरून धावत परत. काका तिथेच, मान वर, गर्दीच्या मधोमध.

"काका, अहो जीव गेला माझा!"

"अगं मुली, हे बघ आधी. तो सोन्याचा सूर्य कुठल्या राशीवर आहे?"

बघितलं तर आतल्या राशीचक्रावर सूर्य दोन उभ्या रेघांच्या चिन्हावर आलेला, म्हणजे मिथुन. दहा वेळा आलेय इथे, एकदाही लक्ष गेलं नव्हतं.

"आणि आपल्या पंचांगात आज सूर्य वृषभेत. मला आधी वाटलं घड्याळच चुकलंय. मग लक्षात आलं, यांचं सायन, म्हणजे राशी वसंतसंपातापासून मोजायच्या, आपलं निरयन, म्हणजे ताऱ्यांवरून, 24 अंशांचा फरक. आणि ती बाहेरची कडी बघ, सूर्यास्तापासून तास मोजते म्हणाला ना तो गाईड? आपण सूर्योदयापासून घटका मोजायचो, हे उलटे!"

ओरडायचं ठरवून आले होते, ते राहूनच गेलं. तेवढ्यात काकूंचा फोन, "सापडले ना? गोळी घेतली का विचार."

बाराला चार मिनिटं होती. काका म्हणाले, आता कोंबडा ऐकूनच निघू.